वहीतलं एकविसावं पान

उदगीर
शनिवार, दुपार

प्रिय ऋतुजा,

तुझी निळ्या कव्हराची वही या पत्रासोबत पाठवतो आहे. आपल्या गल्लीतले उमाशंकर मास्तर उद्या सकाळच्या बसने नांदेडला लेकीकडे चालले आहेत, ते तुझ्या हॉस्टेलच्या गेटवर आणून देतील. वही दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घातली आहे, एकात एक. पिशवी खाली ठेवू नका, मांडीवर ठेवा, असं मी मास्तरांना तीनदा सांगितलं, तर ते म्हणाले, "चंद्रप्पा, वही हाय का लेकरू हाय?" तू सोमवारी घाईत ती फ्रिजवर विसरून गेलीस. मंगळवारी फोन करून पप्पांना म्हणालीस की येत्या सोमवारी मॅडमकडे जमा करायची आहे, कसंही करून पाठवा. पप्पांनी ते काम माझ्यावर सोपवलं. बुधवारीच कंडक्टरच्या हाती देता आली असती. मी दिली नाही. तीन दिवस धरून बसलो. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण आधी पत्र शेवटपर्यंत वाच. तुझ्या वहीत एकविसाव्या पानावर माझ्याविषयी जे लिहिलं आहे ते खरं नाही, आणि त्यात चूक माझी आहे. तू ती वही मॅडमच्या टेबलावर ठेवायच्या आधी हे तुला कळायला पाहिजे. फोनवर सांगितलं असतं, पण पप्पा शेजारी उभे असतात, आणि हल्ली फोनवर मला बोलायचं एक असतं आणि तोंडातून निघतं दुसरं. कागदाचं बरं असतं. वरचं वाचून खालचं लिहिता येतं.

सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर माझाच गोंधळ होईल. तू नर्सिंगला गेलीस तेव्हा नर्स म्हणजे सुई, सलाईन आणि पट्टी एवढंच मला माहीत होतं. पहिल्या वर्षी तू माझ्या अंगठ्याला उगीचच पट्टी बांधून सराव केला होतास, तेव्हा मी ती दोन दिवस मोंढ्यात मिरवली होती. पण यंदा तुम्हाला मनाच्या आजाराच्या वॉर्डात पाठवलं आणि तू रिकाम्या हाताने जायला लागलीस. येळवशीच्या अमावस्येला शेतात कडब्याच्या कोपीसमोर जेवताना मी तुला विचारलं, तिथं तू करतेस काय? तू अंबिलाचा घोट घेऊन म्हणालीस, "बसते आणि बोलते, अज्जा." मी म्हणालो, याला कॉलेज कशाला पाहिजे, आमच्या लिंबाजीने जन्मभर तेच केलं. तू हसलीस, पण नंतर म्हणालीस की सगळ्यात जास्त वेळ तेच शिकायला लागतं. ते माझ्या डोक्यात राहिलं. बसणं आणि बोलणं यात शिकण्यासारखं काय असेल, याचा मला खरंच छंद लागला.

म्हणून या आठवड्यात तुझी वही पहिल्या पानापासून वाचली. इंग्रजी शब्द सोडून दिले, पण तू शेजारी मराठीत लिहून ठेवतेस ते बरं केलंस. आजारी माणसांची नावं तू लिहिलेली नाहीत, नुसतं पहिलं अक्षर लिहिलं आहेस, तेव्हा मी कुणाचं काही बाहेर बोलेन अशी भीती धरू नकोस. सगळ्यात पहिलं मला खुर्चीचं नवल वाटलं. समोरासमोर बसायचं नाही, खुर्ची जरा तिरकी ठेवायची, फार जवळ नाही, आणि दाराची वाट दोघांनाही मोकळी ठेवायची. मी चाळीस वर्षं मोंढ्यात धान्य तोलणारा मापाडी होतो. आडत्या गादीवर, शेतकरी उभा आणि मध्ये माझा काटा. खुर्ची कशी ठेवली तर माणूस काय बोलेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात कधी आला नाही. बुधवारी मी ओसरीवरच्या दोन्ही खुर्च्या तिरक्या केल्या. तुझी आई म्हणाली, "मामा, खुर्च्या वाकड्या का झाल्यात?" मी म्हणालो, अभ्यास चालू आहे.

मग "का" विचारायचं नाही, हे वाचलं. तू लिहिलं आहेस की "का" म्हटलं की माणसाला पोलिसासमोर उभं केल्यासारखं होतं, तो खरं सांगायच्या ऐवजी कारणं शोधायला लागतो. मला पटेना. म्हणून मी तुरीचे मूठभर दाणे डाव्या खिशात घातले आणि ठरवलं, तोंडातून "का" निघालं की एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. जेवणापर्यंत उजव्या खिशात एकोणीस दाणे झाले. नळ का चालू आहे, पेपर का आला नाही, भाजीला मीठ का कमी. मी माझ्या घरात असा फौजदारासारखा वागतो हे मला चौऱ्याहत्तर वर्षांत कळलं नव्हतं. संध्याकाळी तुझी आई शिलाईच्या क्लासहून उशिरा आली. "का उशीर" हे अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "आज उशीर झाला." एवढंच. तर ती पायरीवर टेकली आणि बोलत सुटली. मुरूडला तिच्या आईचा गुडघा सुजला आहे, चार दिवस झाले, जायचं मनात आहे पण घरचं कोण बघणार. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. गुरुवारी सकाळीच मी तिला मुरूडच्या गाडीत बसवून दिलं. दोन दिवस झाले, पप्पा आणि मी पिठलं खातो आहोत, आणि पप्पांचं पिठलं कसं असतं ते तुला माहीत आहे.

आणि ती न. नावाची बाई, चार नंबरच्या खाटेवरची. दिवसभर एकच साडी घडी घालायची, उलगडायची, आणि ओली आहे म्हणून रडायची. साडी कोरडी. तू तिला ओली आहे असंही म्हणाली नाहीस आणि भांडलीही नाहीस. तू म्हणालीस, "मला ही कोरडी लागते, पण तुम्हाला ओली लागते, तर हात गार पडले असतील." आणि साडीचं दुसरं टोक धरून तिच्यासोबत घडी घातलीस. शेजारच्या रकान्यात तू आपल्याला आत काय वाटलं ते लिहिलं आहेस, "भीती वाटली, आणि हसू आलं, हसू आल्याची लाज वाटली." ऋतुजा, हे पान मी चार वेळा वाचलं. आमच्यात एकतर हो ला हो म्हणतात नाहीतर "येडी हाय" म्हणून उठून जातात. मधली जागा असते हे मला ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला हसू आलं हे कागदावर लिहायला लई धीर लागतो. तीन रकाने असतात ना तुमचे, माणूस काय म्हणाला, मी काय म्हणाले, आणि मला काय वाटलं. तो तिसरा रकाना कुणी काढला असेल? मोंढ्यात तो असता तर निम्मी भांडणं झाली नसती.

आता एकविसाव्या पानाकडे येतो. मी त्याच्याभोवती फिरतो आहे हे तुला कळलं असेलच.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "अज्जा, उद्या मी तुला प्रश्न विचारणार. घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती तपासून लिहायची आहे. पळून जायचं नाही." तू गमतीत म्हणालीस. मी मात्र ते मनात धरलं. तुला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं, पण दिवाळीनंतर मी डोळे दाखवायला लातूरला गेलो होतो तेव्हा गंजगोलाईत हरवलो. तिथं सोळा रस्ते फुटतात, कुणीही चुकेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी तिथं चुकणारा माणूस नाही. तरुणपणी दोन वर्षं मी त्याच गोलाईत पोती उचलली आहेत. त्या दिवशी मी देवीच्या देवळाला तीन फेऱ्या घातल्या, भक्तीने नाही, बसस्टँडचा रस्ता कोणता ते आठवेना म्हणून. शेवटी एका बांगडीवाल्या बाईने दाखवला. घरी आल्यावर सांगितलं, डॉक्टरकडे गर्दी होती.

म्हणून त्या शनिवारी दुपारी तू मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा फ्रिजवरची उघडी वही मी उचलली. प्रश्न सगळे लिहिलेले होते, उत्तरांच्या जागा रिकाम्या. वही घेऊन गच्चीवर गेलो आणि आपणच आपली परीक्षा घेतली. शंभरातून सात वजा करत जायचं. त्र्याण्णव. शहाऐंशी. आणि शहाऐंशीच्या पुढे काहीच नव्हतं. पोत्याच्या वजनातून रिकाम्या बारदानाचं वजन मी तोंडाने बोलता बोलता वजा करायचो, लोक कागदावर मांडून बघायचे आणि तेच उत्तर निघायचं. तोच मी, कठड्याला धरून उभा, आणि पुढचा आकडा येईना. मग तुझे तीन शब्द बघितले, लिंबू, किल्ली, रेल्वे. वही झाकली, तांब्याभर पाणी प्यालो, आठवून बघितलं. लिंबू आलं, रेल्वे आली. किल्ली आली नाही.

मी सातवी नापास माणूस आहे हे तू चेष्टेत ऐकलेलं आहेस. गणितात नव्हे, भूगोलात. त्या परीक्षेत शेजारच्या पोराने पेपर माझ्याकडे सरकवला होता, तरी मी बघितलं नव्हतं. आणि या वयात, गच्चीवर फेऱ्या मारत, मी तुझ्या वहीतून कॉपी केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. लिंबू, किल्ली, रेल्वे. वार, तारीख, महिना. आरती पाठ करावी तसं पाठ केलं. नंतर वही जिथं होती तिथं, तशीच उघडी ठेवली, पेनसुद्धा होता तसा तिरका ठेवला.

रविवारी तू ओसरीवर बसलीस, केस बांधलेस, आणि एकदम परक्यासारखी म्हणालीस, "आजोबा, मी तुम्हाला काही प्रश्न विचारले तर चालेल का?" तू मला तुम्ही म्हणालीस! मला हसू फुटलं आणि तू डोळे वटारलेस. मग मी घडाघडा सांगितलं. तू शब्द विचारलेस आणि प्रश्न संपायच्या आत मी लिंबू, किल्ली, रेल्वे म्हणून मोकळा झालो. शेवटी तू वीसपासून उलटं मोजायला सांगितलंस. ते मी पाठ केलं नव्हतं, तरी आलं. पाच, चार, तीन, दोन, लाभ. तू पेन थांबवून विचारलंस, "लाभ काय, अज्जा?" मी सांगितलं की मोंढ्यात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, लाभ, दोन, तीन अशी मोजणी सुरू होते, माझ्या बापानेही तशीच केली. तू तो गुण मला दिलास. त्या सगळ्या पानावर माझं खरं उत्तर तेवढं एकच आहे, आणि तेच चुकीचं होतं.

तू ओरडलीस, "तीसपैकी तीस! माझ्या बॅचमध्ये कुणाच्याच आजोबांना मिळाले नसतील." आणि माझ्या गळ्यात पडलीस. खरं सांगतो, मलाही खरंच वाटायला लागलं. आपण पास झालो म्हणजे आपल्याला काही नाही. तू गेल्यावर सोमवारी मी चहाच्या टपरीवर सांगितलं, नातीने तपासलं, तीसपैकी तीस. सगळे म्हणाले, वा. लिंबाजी तेवढा काही बोलला नाही. लिंबाजी तुला माहीत आहे, माझ्या काट्यावर तीस वर्षं हमाली केलेला, आता काम नाही तरी रोज सकाळी मोंढ्याच्या गेटाजवळ दगडावर बसतो.

वही मी धरून बसलो त्याचं कारण तोपर्यंत नुसतं कुतूहल होतं. तुझ्या वहीत लिहिलं आहे की गप्प बसणं हेही एक काम आहे. माणूस बोलायचा थांबला की आपण लगेच मध्ये भर घालायची नाही, थांबायचं. मला ते करून बघायचं होतं. गुरुवारी सकाळी तुझ्या आईला गाडीत बसवून मी तसाच मोंढ्यात गेलो आणि लिंबाजीशेजारी दगडावर बसलो, तिरका. गप्प. नवी तूर यायला लागली आहे, ट्रॅक्टर आत जात होते. लिंबाजी म्हणाला, "काय रे, दात दुखायलेत का?" मी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "सुनेशी भांडलास का?" मी परत मान हलवली. मग तोही गप्प झाला. चार ट्रॅक्टर गेले. बोलायची मला इतकी उबळ येत होती की खिशातले तुरीचे दाणे मुठीत धरून बसलो. तुम्ही पोरी हे रोज कसं करता गं? दोघंही गप्प असले तर आधी कोणी बोलायचं, हे वहीत लिहिलेलं नाही.

पाचवा ट्रॅक्टर गेल्यावर लिंबाजी खाली बघत म्हणाला, "चंद्रप्पा, तुला येक सांगायचं व्हतं, पर तू तीसपैकी तीस म्हणलास म्हणून गप बसलो. येळवशीच्या आदल्या दिवशी तू हितंच आलास. माझ्यापुढं हुबा राहिलास. आन मलाच इचारलास, लिंबाजी कुठं बसतो हो?"

मी म्हणालो, चेष्टा केली असेल. तो म्हणाला, "न्हाई. तू मला अहो म्हणलास."

पन्नास वर्षांत मी लिंबाजीला शिव्या सोडून दुसरं काही म्हणालेलो नाही. त्याला अहो म्हणालो. आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही, ना दगड, ना तो, ना सकाळ. मी त्याला विचारलं, मग तू काय केलंस? तो म्हणाला, "काय करणार? म्हणलो, बसा, येईल आता. तू बसलास. च्या पेलास. मग म्हणलास, लिंब्या, उठ, ऊन झालं." तो हसला, आणि लगेच धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ऋतुजा. तो माझ्याशी भांडलाही नाही आणि खोटंही बोलला नाही. तू न. बाईच्या साडीचं टोक धरलंस, तसंच केलं त्याने.

आता आणखी एक. तू विचारलं होतंस, "कुटुंबात पूर्वी कुणाला विसरण्याचा, भ्रमाचा आजार होता का?" मी नाही म्हणालो. तेही खोटं आहे. माझे वडील, तुझे पणजोबा, तुझ्या बापाच्या जन्माआधीच गेले, म्हणून घरात कुणाला माहीत नाही. तेही मापाडी होते, पायलीने धान्य मोजायच्या काळातले. शेवटची दोन वर्षं ते अंगणात बसून पायलीने वाळू मोजायचे. पायली भरायचे, ओतायचे, म्हणायचे, लाभ. पुन्हा भरायचे, ओतायचे, लाभ. दोन कधी यायचंच नाही. दिवसभर लाभ, लाभ, लाभ. गल्लीतली पोरं कुंपणाजवळ जमून त्यांच्यासोबत ओरडायची, आणि मी वीस-बावीस वर्षांचा घोडा, त्या पोरांना हाकलायच्या ऐवजी लाजेने घराबाहेर राहायचो. कुणीतरी म्हणालं बाहेरची बाधा आहे, म्हणून त्यांना एका ठिकाणी नेऊन झाडाखाली तीन आठवडे बसवलं. तिथं त्यांच्या शेजारी कुणी खुर्ची घेऊन बसलं नाही. तिरकी नाही आणि सरळही नाही. मीही नाही. तुझी नागम्मा आज्जी तेव्हा नवी नवरी होती, तीच तेवढी त्यांच्यासमोर बसून रिकामी पायली त्यांच्या हातात द्यायची. मी तिला "का" विचारायचो.

गुरुवारी मोंढ्यातून घरी आलो आणि एकविसावं पान काढून उन्हात धरून बसलो. वाटलं, आपणच पेन घेऊन खरं ते लिहून टाकावं. टोपणही काढलं होतं. पण वही तुझी आहे. मग पानाच्या घडीत मला रबराचा चुरा दिसला. मापाड्याची नजर आहे ही, दाण्यात खडा कुठं आहे ते अजून दिसतं, बाकी काही दिसो न दिसो. पान तिरकं केलं तर तिसऱ्या रकान्यात, जिथं तू निळ्या पेनने "स्मरणशक्ती उत्तम, काळजीचं काही कारण नाही" असं लिहिलं आहेस, त्याच्या खाली पेन्सिलीचे वळ दिसले. खोडलेलं. चष्मा लावून वाचलं. "उत्तरं फार लवकर आली. प्रश्न पूर्ण होण्याआधी. पाठ केल्यासारखी. पेन मी सरळ ठेवला होता, परत आले तर तिरका होता. अज्जाला विचारू का? नको."

म्हणजे तुला कळलं होतं. शनिवारपासूनच कळलं होतं. तरी तू ओरडलीस, गळ्यात पडलीस, तीस गुण दिलेस. मी तुला फसवलं असं समजून मोंढ्यातून घरी येईपर्यंत तळमळलो, आणि तू मला सांभाळून घेऊन, फसल्याचं दाखवून निघून गेलीस. मग वाटलं, वहीसुद्धा तू विसरली नसशील, मुद्दाम ठेवली असशील. पण तसं नसेल, तू लहानपणापासून वेंधळी आहेस, पाटीसुद्धा शाळेत विसरायचीस.

न. बाईच्या पानावर हसू आल्याची लाजसुद्धा लिहिणारी पोरगी माझ्या पानावर खोडते, हे बघून मला आधी आनंद झाला. लपवणार नाही, झाला. आपल्यावर एवढी माया कोण करतं. पण नंतर मागची पानं परत उलटली. तुझ्याच वहीत बाराव्या पानावर लाल पेनने लिहिलं आहे, "काळजीचं काही कारण नाही असं कधी म्हणू नये, त्याने माणूस एकटा पडतो." आणि त्याच्या पुढच्या पानावर, "नोंद चुकली तर खोडू नये, रंगवू नये, एक सरळ रेघ मारावी म्हणजे खालचं वाचता येतं, वर खरं लिहावं, सही करावी." हा नियम वाचून मी मांडीवर थाप मारली. तोलाच्या चिठ्ठीचा आमचा नियम अगदी हाच. चाळीस वर्षांत मी एक आकडा खोडला नाही. रेघ मारली, वर लिहिलं, सही केली. माझ्यावरच्या मायेने तू नोकरीच्या आधीच खोडायला शिकलीस, तर उद्या कुणाच्यातरी बापाच्या कागदावर, तो रडतो म्हणून, खोडशील. ते माझ्या नावावर नको.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो, आणि हा "का" माझ्यावर आहे म्हणून चालेल. एकविसाव्या पानावर एक सरळ रेघ मार आणि वर खरं लिही. माझ्या बापाचंही लिही. मॅडम गुण कापतील तर कापू दे. पप्पांना मी उद्या स्वतः सांगेन, खुर्ची तिरकी ठेवून, तू मध्ये पडू नकोस. आणि मग मला नांदेडला तुमच्या मोठ्या डॉक्टरांकडे ने, इथं नको, इथं सगळे ओळखीचे आहेत. निघायच्या आधी मला आपल्या ओसरीवर परत प्रश्न विचार. यावेळी शब्द बदल, कागद फ्रिजवर ठेवू नकोस, आणि मला तू म्हण. उत्तर आलं नाही तर तू सांगू नकोस, गप्प बस, पाच ट्रॅक्टर जाईपर्यंत. तुला भीती वाटली तर तिसऱ्या रकान्यात लिही. मला तर आताच वाटते आहे, इतकी की हे पत्र तीनदा वाचून बघितलं, काही दोनदा लिहिलं नाही ना म्हणून. पण भीतीच्या बरोबरीने एक नवलही वाटतं, ते तुझ्या वहीने लावलं आहे. बापाच्या शेजारी बसून त्याला काय दिसत होतं ते विचारायचं राहून गेलं. आता ते मला आतून बघायला मिळणार असेल, तर कुणीतरी शेजारी बसून लिहून घेणारं पाहिजे, आणि ते खोडणारं नको. पहिलं पोतं मी काट्यावर ठेवलं आहे. लाभ. पुढचं तू मोज.

तुझाच,
अज्जा